सहीच्या आधी

बँकेत असताना एक शिरस्ता मी कटाक्षाने पाळला. कर्जदार अंगठा उठवणारा असेल, तर कागद आधी त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि तसा शेरा मारून साक्षीदाराची सही घ्यायची. अंगठा त्यानंतर.

काही वर्षांपूर्वी पत्नीचे गर्भाशय काढायचे ठरले, तेव्हा हाच मी इस्पितळाच्या संमतिपत्रावर न वाचता सही करून मोकळा झालो. कागद तिच्यापुढे सरकवताना ‘इथे कर’ एवढेच म्हणालो. डॉक्टर माझ्याशी बोलले, मी मुलांशी बोललो. तिच्याशी कोणीच बोलले नाही. उगाच घाबरेल, हे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते.

आदल्या रात्री तिने विचारले, ‘‘अहो, उद्या माझं नक्की काय काय काढणार आहेत?’’

मी म्हणालो, ‘‘तू काळजी करू नकोस.’’

रात्रपाळीच्या सिस्टरने हे ऐकले असावे. स्टूल ओढून ती तिच्याजवळ बसली. जाग येईल तेव्हा हाताला सलाइन असेल, लघवीची नळी असेल, घसा कोरडा पडेल पण पाणी लगेच मिळणार नाही, हे तिने सांगितले. ‘‘दुखेल. पण सोसत राहायचं नाही, मला हाक मारायची.’’ मग पत्नीने तिला हळू आवाजात आणखी काही विचारले. ते मला कधी विचारले नव्हते. दहा मिनिटांचे बोलणे, पण त्या रात्री ती झोपली.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या भूलतज्ज्ञांचा एक अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. पोटाची शस्त्रक्रिया व्हायच्या ९७ रुग्णांपैकी काहींना त्यांनी दुखेल कुठे, का आणि कुशीवर वळताना काय करायचे, हे आधीच समजावले. अशा रुग्णांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले आणि सरासरी अडीच दिवसांहून अधिक आधी घरी जाता आले. कोणाला हे समजावले आहे, याची शल्यविशारदांना कल्पना नव्हती.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली एका खटल्यात बजावले, की सज्ञान रुग्णाची संमती पुरेशी माहिती देऊन त्याच्याकडूनच घ्यायला हवी. त्या खटल्यात रुग्ण स्त्रीला भूल दिलेली असताना तिच्या आईकडून संमती घेतली होती. ती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

डॉक्टरांपुढची रांग मला दिसते. पण ही दहा मिनिटे सिस्टर देऊ शकते, मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतले वैद्यकीय समाजसेवक देऊ शकतात. अडसर पुष्कळदा आपणच असतो. आपली भीती आपण रुग्णाच्या नावावर खपवतो.

घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली, की एक कागद घ्या. रुग्णाचे प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून काढा आणि ते डॉक्टरांना त्यालाच विचारू द्या. एखादा प्रश्न आपल्यासमोर विचारवत नसेल, तर थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन उभे राहा. मला हे साठीच्या उंबरठ्यावर कळले.