पुदिन्यावर हलका हात

मागच्या शनिवारी संध्याकाळी बाबा गच्चीवरच्या फेऱ्या संपवून खाली आले, तेव्हा ओट्यावर पुदिन्याची जुडी पाण्याच्या ग्लासात उभी होती. शेजारी चार कागदी लिंबं, साखरेचा डबा आणि पांढऱ्या रमची बाटली. बाबांचा शनिवार ठरलेला असतो. काळ्या रमचा एक छोटा पेग, दुप्पट पाणी, बर्फ नाही, सोबत भाजलेले शेंगदाणे. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांनी केमिस्ट म्हणून एकतीस वर्षं काढली. ज्या मळीपासून रम बनते तिच्याशी एवढा संबंध आल्यावर दुसरं काही प्यावंसं वाटत नाही, असं ते सांगतात. पुदिना बघून त्यांनी विचारलं, "आज चटणी आहे का गं?"

"नाही बाबा. आज तुमच्या रमचं सरबत करतेय."

मोहितोवर मला बरेच दिवस लिहायचं होतं, कारण या पेयाची आपल्याकडे फार आबाळ झाली आहे. नावापासूनच. स्पॅनिशमध्ये त्यातल्या 'जे'चा उच्चार 'ह' होतो, पण आपल्या मेनूकार्डांवर सगळीकडे 'मोजितो'. तेही एक वेळ चालेल. पण लग्नाच्या रिसेप्शनला 'व्हर्जिन मोजितो' म्हणून जे हातात देतात, ते बाटलीतलं हिरवंगार सिरप असतं आणि वर सोडा. मागे एका चांगल्या म्हणवणाऱ्या हॉटेलात रम घातलेला मागवला, तर त्यालाही च्युइंगगमचा वास. खरा मोहितो हिरवा नसतोच. लिंबाच्या रसाने किंचित गढूळ झालेलं पाणी, त्यात पुदिन्याच्या अख्ख्या काड्या आणि ग्लासाबाहेर दव, इतकाच त्याचा रंग.

हे पेय क्युबाचं. ऊस, लिंबू, पुदिना जिथे दाराशी उगवतात तिथलं. क्युबात उसाच्या रसाला 'ग्वारापो' म्हणतात आणि तिथेही तो चरकातून काढून, बर्फ घालून, लिंबू पिळून देतात. गळीत हंगामाला तिथे 'साफ्रा' म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची कारखान्याची कॉलनी आठवली, गेटबाहेरची रसवंती आठवली, तिची घुंगरं आठवली. आपला रसवंतीवाला उसात आलं आणि लिंबू घालतो, क्वचित पुदिनाही. म्हणजे मोहितोचं बरंचसं सामान आपण लहानपणापासून पीत आलो आहोत.

क्युबातला तो ऊस कुणी तोडला, हेही सांगायला हवं. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. आमच्या कॉलनीच्या कुंपणापलीकडे दर दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या, पहाटे तीनला बैलगाड्यांचा आवाज यायचा. त्यामुळे साखर आणि रम या गोष्टी मला कधीच नुसत्या गोड वाटल्या नाहीत.

मोहितोच्या आधी तिथे 'ड्राके' नावाचं पेय होतं. उसाची कच्ची, घशाला जाळणारी दारू. ती सुसह्य व्हावी म्हणून साखर, लिंबू, पुदिना. हे नाव इंग्लिश दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकवरून आलं असं सांगतात. दारू सुधारली ती नंतर. फाकुन्दो बाकार्दी हा कॅटलोनियातून आलेला व्यापारी. त्याने १८६२ साली सांतियागो दे क्युबा या शहरात आपला कारखाना सुरू केला आणि रम कोळशातून गाळून हलकी, स्वच्छ केली. (१९६०मध्ये क्युबाच्या क्रांतिकारी सरकारने कंपनीची तिथली मालमत्ता ताब्यात घेतली आणि ते कुटुंब देशाबाहेर गेलं. आज बाकार्दीची रम क्युबात बनत नाही.) हलक्या रममुळे पुदिन्याला बोलायला जागा मिळाली. १९३०च्या दशकातल्या हवानाच्या बारपुस्तिकांत 'मोहितो' हे नाव दिसतं. पुढे 'बोदेगिता देल मेदियो' या हवानातल्या छोट्याशा खाणावळीने ते जगभर नेलं. लेखक हेमिंग्वे तिथे मोहितो प्यायचा, अशी एक पाटी तिथल्या भिंतीवर आहे. अभ्यासकांना ती खरी वाटत नाही, आणि पेय चांगलं असेल तर त्याला हेमिंग्वेची गरजही नाही.

बाबांना मी बाटली उघडून वास दिला. त्यांनी डोळे मिटून घेतले. "मळी आहे, पण धुतलेली," म्हणाले. कोळशाचं सांगितलं तर लगेच खुलले. "बरोबर. रंग काढायला कोळशासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे गंधकाची पद्धत, रसात गंधकाचा धूर सोडायचा. या लोकांनी दारूत कोळसा वापरला." मग टनभर उसातून चाळीस-पंचेचाळीस किलो मळी कशी निघते, हे त्यांनी मला कितव्यांदा तरी सांगितलं, आणि मी ऐकलं.

आता कृती. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेचं प्रमाण असं: पांढरी रम ४५ मिलिलिटर, म्हणजे आपल्या भाषेत दीड छोटा पेग, लिंबाचा ताजा रस २० मिलिलिटर, पांढरी साखर दोन चमचे, पुदिन्याच्या सहा काड्या, आणि सोडा. प्रमाण सोपं आहे. बिघडतं ते क्रमात आणि हातात.

आधी लिंबू. बाजारात हिरवी, टणक लिंबं स्वस्त दिसली तरी घेऊ नयेत; त्यांत रस कमी. पिवळं, पातळ सालीचं, हातात जड लागणारं कागदी लिंबू घ्यावं. ओट्यावर तळव्याखाली दाबून दोनदा फिरवलं की रस सुटतो. पिळताना शेवटच्या थेंबाचा हव्यास धरू नये, कारण सालीखालचा पांढरा भाग आणि बिया चेचल्या की कडवटपणा उतरतो. रस आधी काढून ठेवू नये, त्याचा तजेला जातो.

मग साखर, आणि तीही रसात, रमच्या आधी. साखर दारूत नीट विरघळत नाही. आधी रम ओतली तर साखर तळाशी कचकचत बसते आणि पहिला घोट आंबट, शेवटचा पाक असं होतं. मी बाबांना हे सांगत असतानाच ते उठून आत गेले आणि कपाटातून एक डबी घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी लॅबच्या सहकाऱ्यांनी दिलेला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर; विरघळलेली साखर किती, हे तो ब्रिक्समध्ये दाखवतो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी लिंबू-साखरेचा एक थेंब काचेवर टाकला, झाकण मिटवलं आणि खिडकीकडे तोंड करून डोळा लावला.

"सव्वीस. पण हा आकडा खोटा आहे, तुझी साखर अजून तळाशी आहे. हलव."

मी हलवलं. ते थांबले. दुसरा थेंब.

"चौतीस. आता झालं. आता रम घाल. रम घातल्यावर मला विचारू नकोस, अल्कोहोलने ब्रिक्स बिघडतो."

ते मिश्रण मी चमच्याच्या टोकाने चाखलं. तोंडात आधी आंबट आलं, मागून गोड, आणि दोन्ही एकमेकांना धरून होतं. आपल्या घरात सरबताचा आणि पन्ह्याचा अंदाज जिभेवर असतो, म्हणून कुणाला आकड्याची गरज पडणार नाही. पण तो आकडा ऐकताना मला बरं वाटलं.

आणि आता पुदिना, ज्याच्यासाठी हा सगळा लेख. पहिल्यांदा मोहितो केला तेव्हा मी पानं खलबत्त्यात चटणीसारखी कुटली होती. ग्लासात काळपट हिरवा चोथा आणि चव गवताची, कडू. नंतर समजलं की पुदिन्याचा वास पानाच्या पोटात नसतो, पाठीवर असतो. पानावर अतिसूक्ष्म ग्रंथी असतात, तेल त्यांत भरलेलं. त्या फुटायला नुसता दाब पुरतो. पान फाटलं की आतला हिरवा कडू रस बाहेर येतो. क्युबात म्हणूनच देठासकट काडी ग्लासात घालतात आणि लाकडी दांड्याने हळू दाबतात, चुरडत नाहीत. आपल्याकडे तो दांडा विकत आणायचं कारण नाही. बारीक लाटण्याचं टोक छान चालतं. चार-पाच वेळा दाबायचं, किंचित फिरवायचं, वास वर आला की थांबायचं. अजून एकदा दाबावं असं वाटतं, तेव्हाच हात काढून घ्यायचा.

या वासाचा मुख्य धनी कार्व्होन. गंमत अशी की बाळंतशेपेच्या वासातही कार्व्होनच असतं. दोन्ही रेणू अणू न अणू सारखे, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं रूप, उजवा आणि डावा हात जसे. आपलं नाक तेवढा फरक ओळखतं आणि एकाला पुदिना म्हणतं, दुसऱ्याला शेप. स्पॅनिशमध्ये पुदिन्याला 'यर्बाबुएना' म्हणतात, शब्दशः 'चांगली वनस्पती'. इतकं साधं नाव मला दुसऱ्या कुठल्या पाल्याचं आठवत नाही.

नंतरचं लवकर होतं. रम ओतायची, ग्लास बर्फाने भरायचा, मोठ्या खड्यांनी, कारण बारीक बर्फ पटकन वितळून सगळं पाणचट करतो. सोडा फ्रिजमधला हवा; गार सोड्यात वायू टिकून राहतो. तो वरपर्यंत ओतून लांब चमच्याने तळापासून एकदाच वर आणायचं. शेवटी एक ताजी काडी तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने टाळी वाजवायची, आरतीला वाजवतो तेवढीच. मग ती ग्लासात नाकाजवळ येईल अशी खोचायची. पिताना अर्धी चव नाकातून येते.

काळ्या रममध्ये हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. ओल्ड मंक मला प्रिय आहे, पण तिची गडद गोडी पुदिन्याला गिळून टाकते. पांढरी रमच हवी. गोव्यात 'माका झाय' नावाची पांढरी रम तयार होते. कोकणीत 'मला हवं'. नाव गोड आहे म्हणून मी ती पहिल्यांदा घेतली, आणि लिंबाबरोबर ती चांगली बसते. गोव्याचा विषय निघालाच तर, मार्च ते मे तिथे काजूच्या बोंडांचं पहिल्या धारेचं उर्राक मिळतं. गोंयकार ते लिंबू, मीठ, सोडा किंवा लिमका आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. पुदिना नसला तरी तो मोहितोचा सख्खा चुलतभाऊच. आपल्या राज्यात रमसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना हवा. तो दुकानात एका दिवसाचाही मिळतो, तेव्हा नियम मोडायचं काही कारण नाही.

आईचा ग्लास मी रमशिवाय केला. रमच्या जागी थोडा जास्त सोडा, लिंबू तेवढंच. रम गेली तरी पुदिना आणि लिंबाचं नातं तसंच राहतं. रिसेप्शनच्या काउंटरवर हे एवढंच करता येत नाही का, असं मला दर लग्नसराईत वाटतं. एका जुडीत दहा-बारा ग्लास होतात.

आई म्हणाली, "हे लिंबू आपलंच आहे ना गं? मग हे त्यांचं कसं?" प्रश्न बरोबर होता. हे लिंबू मूळचं आपल्या बाजूच्या उष्ण आशियातलं. अरबांनी ते पश्चिमेकडे नेलं, स्पॅनिश लोकांनी अटलांटिकपार. कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून उसाचं बेणंही तिकडे नेलं. आज क्युबात याच लिंबाला 'लिमोन क्रियोयो' म्हणतात, म्हणजे गावठी लिंबू. पाहुणं म्हणून आलेलं फळ तिकडे गावठी झालं. आईला ते ऐकून फार आनंद झाला आणि तिने उरलेल्या लिंबाची फोड बाबांच्या शेंगदाण्यांवर पिळली.

बाबांनी पहिला घोट घेऊन बराच वेळ काही म्हटलं नाही. मग ग्लास उजेडात धरला, आतल्या काड्या पाहिल्या आणि म्हणाले, "पान फाटलेलं नाही. चांगलं केलंस." ग्लास त्यांनी सावकाश, तासभर पुरवला. बर्फ वितळत गेला तशी चव बदलत गेली, तेही त्यांनी दोनदा सांगितलं. दुसरा मागितला नाही. त्यांचा शनिवार एकाच ग्लासाचा.

रात्री दिवे बंद करताना टेबलावर त्यांची डायरी उघडी दिसली. दुधाच्या हिशेबाखाली, लॅबच्या रजिस्टरमध्ये लिहायचे त्याच तिरक्या अक्षरात, एक ओळ होती: लिंबू-साखर ३४ ब्रिक्स, पुदिना देठासकट, दाब हलका.