नळी भरली तरी दाढ का ठणकते?

“दाढेची नस काढून दोन महिने झाले. पैसेही गेले. तरी भाकरी चावताना कळ येते. सासूबाई म्हणतात, उपटूनच टाक. काय करावे?” असे एका भगिनीने विचारले आहे.

ताई, उपटण्याची घाई करू नका. आधी आत काय आहे ते समजून घ्या.

झाडाच्या मुळ्या किती आणि कोठवर गेल्या हे वरून कळत नाही, तसेच दाढेचे आहे. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, वरच्या दाढेला तीन. मुळांतून केसासारख्या बारीक नळ्या जातात व त्यांत नस असते. कीड तेथवर पोचली की नस सडते. मग डॉक्टर भूल देऊन दाढेला वरून भोक पाडतात, सुईएवढ्या कानशीने नळ्या साफ करतात, औषधी पाण्याने धुतात आणि गट्टापर्चाने, म्हणजे एका झाडाच्या चिकापासून होणाऱ्या पदार्थाने, बुजवतात. यालाच रूट कॅनाल म्हणतात.

घोटाळा होतो तो नळ्यांच्या मोजणीत. मुळे तीन म्हणून नळ्या तीनच, असा नेम नाही. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडील पुढच्या मुळात निम्म्याहून अधिक माणसांना दुसरीही नळी असते. तिचे तोंड इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना चटकन सापडत नाही. झुरिचचे वॉल्टर हेस यांनी काढलेल्या दातांत रबर भरून नळ्यांचे साचे बनवले होते. त्यांचे हे काम १९२५ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. ते साचे पाहिले म्हणजे नळी पाइपासारखी सरळ असते हा समज राहत नाही. ओढ्याला फाटे फुटावेत आणि पुढे ते पुन्हा मिळावेत, तसा सारा प्रकार.

काहींच्या दाढा तर आणखी निराळ्या. खालच्या दाढेला जिभेच्या बाजूस एक जादा मूळ असते. चिनी लोकांत हे पुष्कळ आढळते, आपल्याकडे कमी. खालच्या दुसऱ्या दाढेत कधी दोन्ही मुळे एकजीव होतात व नळी विळ्यासारखी वाकडी होते. तिचा कानाकोपरा धुऊन काढणे फार जिकिरीचे. आणखी एका प्रकारात दाढेचे पोट खोल असते आणि मुळे अगदी खाली फुटतात. १९१३ साली आर्थर कीथ यांनी तिला चक्क ‘बैलदात’ अशा अर्थाचे नाव दिले. बाजारात आपण बैल दोनदाती की चारदाती ते पुढच्या दातांवरून पाहतो. कीथ यांचे बोलणे मागच्या दाढांचे होते.

एखादी नळी राहून गेली की तिच्यात जंतू राहतात, आणि ठणका परत येतो. अर्थात प्रत्येक वेळी हेच कारण नसते. भरण उंच राहिले किंवा दाढेला चीर गेली तरी चावताना दुखते. पहिले काही दिवस थोडे दुखणे तर साहजिकच. दोन महिन्यांनीही दुखत असेल, तर मात्र दाखवलेच पाहिजे.

जाताना जुना एक्स-रे सोबत न्या. समोरून काढलेल्या चित्रात एकामागची दुसरी नळी झाकली जाते, म्हणून तिरकस बाजूनेही चित्र काढतात. तरीही उलगडा झाला नाही, तर हल्ली त्रिमितीय चित्राची सोय आहे. दाढा उघडून नळ्या पुन्हा साफ करणारे निराळे तज्ज्ञ असतात. खर्च दुसऱ्यांदा पडतो हे खरे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तो खासगीपेक्षा कमी येतो. दाढ हिरडीच्या खालपर्यंत फुटली असेल, तर मात्र सासूबाईंचेच ऐकावे लागेल.

दाढ पुन्हा भरून झाली की वर टोपी बसवून घ्या. पोकळ केलेली दाढ कडक घासाने फुटते. तोवर त्या बाजूने चावू नका. दुखते म्हणून मिश्री किंवा तंबाखू दाबून धरू नका. वेदनेची गोळी हिरडीवर ठेवण्याची खोडही वाईट, तिने हिरडी भाजते.

जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सुगीचे दिवस असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशी सूज गळ्यात उतरून श्वास कोंडू शकतो.