‘हे उघडत नाही, सर’

‘हे उघडत नाही, सर. नवीनच टाका.’ गिअरच्या सायकलींच्या दुकानात हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. पुढच्या चाकाचा शॉकअप, ज्याला कंपनीच्या कागदावर सस्पेन्शन फोर्क म्हणतात आणि जुने सायकल मिस्त्री नुसता चिमटा म्हणतात, तो दोन पावसाळ्यांत जड होतो. खड्ड्यात दबत नाही, दबला तर वर येत नाही. दुकानदार हँडल दोनदा दाबून पाहतो आणि निकाल देतो. मला सांगितलेला नव्या फोर्कचा आकडा सायकलच्या मूळ किमतीच्या निम्म्याजवळ जात होता. मी सायकल घरी आणली, अंगणात फोर्क उघडला, धुतला, पुन्हा बसवला. तो आज चालतो आहे. म्हणजे ते वाक्य खोटे होते.

पण हे खोटे आपल्याला इतक्या सहज पटते कसे? माझे भांडण तिथे आहे, आणि ते दुकानदाराशी कमी, आपल्याशी जास्त आहे.

आधी त्या फोर्कमध्ये काय असते ते पाहू, कारण न पाहता घाबरणे हीच आपली सवय आहे. वरून येणाऱ्या दोन गुळगुळीत नळ्या आणि त्यांच्यावर सरकणारे खालचे दोन पाय. एका बाजूला हवा किंवा स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला डॅम्पर, म्हणजे उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा. नळी जिथे पायात शिरते तिथे रबराचा वायपर सील, त्याखाली तेलात भिजलेली स्पंजची कडी, त्याखाली बुश. कोकणात जांभ्याच्या लाल मातीत जून ते सप्टेंबर सायकल चालवा; बारीक माती वायपरच्या ओठातून आत जाते, स्पंज कोरडा पडतो, तळातले चमचाभर तेल राखाडी चिखल होते आणि तो चिखल पॉलिश पेपरसारखा नळी घासत राहतो. स्वस्त फोर्कच्या नळ्या क्रोम केलेल्या पोलादाच्या असतात, त्यांना खाऱ्या हवेत गंजही धरतो. नळीवरचा लेप पार घासून गेला की मग मात्र दुकानदार खरा ठरतो. म्हणजे ‘हे उघडत नाही’ हे वाक्य, आपण वेळेवर न उघडल्यामुळे खरे होत जाते.

वेळेवर म्हणजे केव्हा? रॉकशॉक्स ही या धंद्यातली मोठी कंपनी आपल्या फोर्कचे खालचे पाय दर ५० तासांनी उतरवून साफ करायला सांगते. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष सांगते, जे आधी येईल ते. रोज तासभर चालवणाऱ्याचे ५० तास दोन महिन्यांत भरतात. दोन्ही कंपन्यांची सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट पडलेली आहेत, चित्रांसह. बनवणारा म्हणतो उघडा, विकणारा म्हणतो उघडत नाही, आणि आपण विकणाऱ्याचे ऐकतो.

काम असे आहे. पुढचे चाक काढा, ब्रेकचा कॅलिपर सोडून बाजूला बांधून ठेवा. हवेचा फोर्क असेल तर व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडा. हवा भरलेला फोर्क उघडणे म्हणजे वाफ न सोडता कुकर उघडणे. मग तळाचे दोन बोल्ट अ‍ॅलन कीने तीन-चार फेरे सैल करा, पूर्ण काढू नका, आणि त्यांच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलके ठोका. आत अडकलेला दांडा सुटतो. आता बोल्ट काढून पाय खाली ओढा, आणि त्याआधी खाली ताटली ठेवा. माझ्या ताटलीत जे पडले त्याला तेल म्हणायला जीभ धजत नव्हती. जुना वायपर टायर लिव्हरने उचकटा, पायाची कड खरवडू देऊ नका. आतून सगळे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पेट्रोल आणि रॉकेल रबरापासून लांब ठेवा. स्पंजची नवी कडी तेलात भिजवून बसवा. नवा वायपर त्याच मापाच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने सरळ दाबा, वाकडा गेला तर गळेल. ओठाला ग्रीस लावा. पाय अर्धे चढवा, फोर्क उलटा धरा आणि तळाच्या भोकांतून मॅन्युअलमध्ये लिहिले आहे तेवढेच तेल मेडिकलमधल्या सिरिंजने सोडा. मग पाय पूर्ण दाबून, नवे वॉशर घालून बोल्ट सांगितलेल्या टॉर्कला आवळा. हवा शॉक पंपानेच भरायची, साधा पंप इथे चालत नाही. डॅम्परची बंद यंत्रणा घरी उघडू नका, ते वेगळे आणि अवघड काम आहे. शेवटी ब्रेक बसवून गल्लीत चार चकरा मारा, घाट नंतर.

असरनंतर बसलो होतो, मगरीबला उठलो, इशाच्या आधी फोर्क सायकलवर होता. किट, तेल, ग्रीस आणि शॉक पंप मिळून खर्च नव्या फोर्कच्या पावपटीच्या आत राहिला. पंप तर आता घरचाच झाला.

आता मूळ मुद्दा. यात नवे असे काय होते? मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचे ऑइल सील बदलणे हे जवळजवळ हेच काम, आणि ते आपल्याकडे तालुक्याच्या गावात कुठल्याही गॅरेजात रोज होते. सायकलचा फोर्क तरी कुठून आला? रॉकशॉक्स १९८९ मध्ये सुरू करणारा अमेरिकेतला पॉल टर्नर हा मोटोक्रॉसच्या जगातला मेकॅनिक होता. मोटारसायकलचे शॉकअप उघडणाऱ्या हातांनीच डोंगरातल्या सायकलला शॉकअप दिला. ज्या वस्तूचा जन्म मेकॅनिकच्या हातून झाला ती मेकॅनिकला उघडता येत नाही, हे आपण काचेच्या दुकानात, एसीत उभे राहून ऐकून घेतो.

ऐकून घेतो, कारण त्या हातांची आपल्याला लाज वाटते. ‘पंक्चरवाला’ ही आज मुसलमानाला द्यायची शिवी झाली आहे. एप्रिल २०२५ मध्ये हिसारच्या भाषणात पंतप्रधानांनीही वक्फच्या मालमत्तेचा विषय काढून म्हटले की तिचा नीट वापर झाला असता तर मुसलमान तरुणांवर सायकलचे पंक्चर काढत जगायची वेळ आली नसती. त्यावर आपल्याकडे काय झाले? संतापाची लाट आली, आणि पाठोपाठ याद्या आल्या: हे बघा आमचे डॉक्टर, हे आमचे कलेक्टर, हे आमचे शास्त्रज्ञ. मला त्या याद्यांचा अभिमान आहे. पण यादी काढणाऱ्याच्या लक्षात आले का की त्याने शिवी कबूल केली? पंक्चर काढणे हलके आहे यावर दोन्ही बाजूंचे एकमत झाले, वाद फक्त आपण किती जण ते काढतो यावर उरला.

आपल्या जलशांत अल-जझरीचे नाव हमखास येते. १२०६ मध्ये त्याने पाणी उपसण्याच्या यंत्रांवर, घड्याळांवर ग्रंथ लिहिला, पश्चिमेने पुढे काय घेतले वगैरे. टाळ्या पडतात. अल-जझरी स्वतः कारागीर होता, यंत्रे हाताने बनवत होता, हे टाळ्यांत बुडून जाते. आणि त्याच मंडपाबाहेर वक्त्याची बंद पडलेली गाडी चालू करून देणाऱ्या पोराला कोणी खुर्ची देत नाही. आपली आडनावे तरी पाहा: शिकलगार, पिंजारी, मोमीन, अत्तार. आपण हातांची नावे लावतो आणि लग्न जुळवताना मुलगा ‘गॅरेजवाला’ निघाला तर गप्प होतो. कुरआनात हजरत दाऊद (अ.) यांना चिलखते बनवण्याचा हुनर दिल्याचे येते, प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. पाठ झाले की विषय संपला.

शिक्षक म्हणून मला याहून जास्त बोचते ते वेगळेच. १९३७ मध्ये वर्ध्याला, याच महाराष्ट्रात, हस्तोद्योगाच्या आधारे शिक्षणाचा विचार झाला आणि त्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. पुढे ते राष्ट्रपती झाले, म्हणून बी.एड.ला त्यांच्यावर टीप लिहावी लागते. पण हातातून डोके घडते ही त्यांची गोष्ट आपण, उर्दू शाळांनीसुद्धा, कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले करून मिटवली.

यावर पालक मला म्हणतात, ‘सर, आमच्या बापजाद्यांनी हेच केलं. पोरांनी तरी खुर्चीवर बसावं.’ असे म्हणणाऱ्या बापाशी माझे भांडण नाही. ज्याची कंबर गॅरेजात वाकली त्याला मी हाताच्या कामाचे गोडवे ऐकवणे हा उद्धटपणा होईल. चौदा वर्षांखालच्या पोराला गॅरेजात कामाला ठेवणे गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. मी पोरांना गॅरेजात पाठवा म्हणत नाही. शाळेत पाना आणा म्हणतो आहे.

कारण सध्या जी फाळणी आहे ती अशी: ज्याला वाचता येते तो उघडत नाही, आणि ज्याला उघडता येते त्याला आम्ही वाचते केलेले नाही. फोर्कची दुसरी सर्व्हिस करताना नववीतला एक मुलगा माझ्याजवळ होता. शिक्षक खोलीत त्याचे नाव ‘ढ’ म्हणून निघते. सुट्टीत मामाच्या गॅरेजात असतो. बोल्ट पूर्ण न काढता वरून ठोकायचे, हे त्याला सांगावे लागले नाही. दांडा सुटल्याचा आवाज त्याने माझ्याआधी ओळखला. पण तेलाची वेळ आली तेव्हा तो मोटारसायकलच्या हिशेबाने भरायला निघाला, शंभर मिलीच्या वर. मोटारसायकलमध्ये तेच तेल उसळी आवरते, म्हणून तिथे ते भरपूर लागते. माझ्या फोर्कच्या पायातले तेल फक्त वंगणासाठी, मॅन्युअलप्रमाणे एका पायाला १० मिलीसुद्धा नाही. जास्त भरले तर आतली जागा कमी होते आणि फोर्क पूर्ण दबत नाही. मी वाचून दाखवले, त्याने सिरिंजवरची रेघ पाहिली आणि विचारले, ‘सर, हे सगळ्या गाड्यांचं असं लिहिलेलं मिळतं?’ मिळते, इंग्रजीत.

सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले: शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. चांगली गोष्ट आहे. पण मॅन्युअल हाती येऊनही वाचता येत नसेल तर त्या मुलासाठी तो हक्क इंग्रजी माध्यमाचा हक्क आहे. गॅरेजात तो मालकाला ‘उस्ताद’ म्हणतो, आणि उर्दूत मलाही तोच शब्द लागू होतो. दोघांपैकी कोणी तरी त्याला ते पान वाचायला शिकवायला हवे होते, आणि पगार त्याचा मला मिळतो.

म्हणून सध्या मराठीच्या तासाला, आठवड्यातून एकदा, नववीचा वर्ग त्या मॅन्युअलचे भाषांतर करतो आहे, तीस पानांपैकी आठ झाली. मुख्याध्यापकांनी विचारले हे कोणत्या घटकात बसते. मी ‘उपयोजित लेखन’ म्हणून सांगितले. ‘स्पंजची कडी’ आणि ‘वायपरचा ओठ’ हे शब्द मुलांनी दिले आहेत. टॉर्कला ‘आवळणी’ म्हणावे की टॉर्कच ठेवावे यावर दोन गट आहेत. डॅम्परला अजून कोणाला शब्द सापडलेला नाही.