पिकअप गाडीचे स्पीकर व वॅटांचा मोह

माल बाजारांत नेणाऱ्या पिकअपचे मूळचे स्पीकर धूळ, ऊन व दमट हवा यांनीं कांहीं वर्षांत खरखरूं लागतात. आंतील कागदी पडदा व कडेचा फोम जीर्ण होतो. अशा वेळीं खोक्यावरील वॅटांच्या मोठ्या आंकड्यास शेतकरी बंधु भुलतात. आम्हीही भुललों. कांद्याच्या एका खेपेचें भाडें त्यांत गेलें, आणि आवाज पूर्वींहून दबलेलाच निघाला.

तो आंकडा बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचा असतो. गाडीचा मूळ रेडिओ दर स्पीकरास अखंड अशी सुमारें १५ ते २० वॅटच शक्ति देतो. म्हणून वॅट न पाहतां संवेदनक्षमता पाहावी. ती ३ डेसिबलनें अधिक असल्यास तितक्याच आवाजास निम्मी शक्ति पुरते. आमच्या मतें ९० डेसिबल वा अधिकाचा, मूळच्याच मापाचा व तितक्याच ओहमचा साधा जोड घ्यावा. अँप्लिफायरचा खर्च करूं नये. मूळच्या तारा कापूं नयेत. एका बाजूचे धन-ऋण उलट जोडले गेल्यास खर्ज क्षीण होतो, हेंही ध्यानांत असावें.

मात्र खरेदीपूर्वीं डावा व उजवा स्पीकर अदलून पाहावा. खरखर त्याच बाजूस राहिली, तर दोष तारेंत किंवा रेडिओंत आहे. नवे स्पीकर घेऊन तो जाणार नाहीं.