‘गुप्त’ रोग नव्हे, गोळीचा डाग

१७६१ च्या वीरांना अभिवादन करण्यासाठी मराठी माणसे पानिपतच्या काला अंबला जातात. दिल्ली सोडताना रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्त रोग’ ही रंगवलेली अक्षरे त्यांना दिसतात. आपल्या गावच्या भिंतीही काही निराळ्या नाहीत. माझा आक्षेप ‘गुप्त’ या शब्दालाच आहे.

शिश्नाग्रावर तांबूस-जांभळा गोल डाग उठतो, काही दिवसांत मावळतो, मागे करडी खूण ठेवतो. आणि काही महिन्यांनी नेमका त्याच जागी पुन्हा उमटतो. तरुण घाबरतो आणि भिंतीवरचा पत्ता गाठतो. वास्तविक असा डाग संसर्गाचा असेलच असे नाही. ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ ही औषधाची प्रतिक्रिया असू शकते. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ ब्रोक यांनी १८९४ मध्येच तिला नाव दिले. औषधाची ओळख लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी त्वचेच्या त्या ठिकाणी मुक्काम करतात आणि तेच औषध पुन्हा पोटात गेले की काही तासांत तुटून पडतात. को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, जुलाबावरचे ऑर्निडाझोल, साधी वेदनाशामके यांपैकी काहीही कारण ठरते. दोष चारित्र्यात शोधला जातो. तो असतो गोळ्यांच्या पाकिटात.

उपाय एकच: ते औषध ओळखून कायमचे थांबवणे. प्रत्यक्षात दुकानदार स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेले मलम हाती देतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी विक्री सर्रास चालते. मलमाने डाग झाकला जातो, त्वचा पातळ होते; गोळी सुरूच राहिली तर डागांची संख्या वाढते.

‘आपोआप जातो, म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही तितकाच घातक. हर्पिसही परतून येतो. सिफिलिसचा वेदनारहित व्रण आपोआप भरतो आणि रोग आत पसरत राहतो. निदान डॉक्टरांनीच करावे. रुग्णाने डागाचे छायाचित्र आणि आधी घेतलेल्या प्रत्येक गोळीचे नाव न लाजता पुढे ठेवावे.

चांद्रयानाची खडान्‌खडा माहिती देणारी आपली विज्ञानवृत्ते ‘शिश्न’ लिहिताना मात्र अडखळतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून असे विषय उघडपणे मांडले आणि त्यापायी खटले सोसले. आज तेवढी किंमत कोणी मागत नाही. मग संपादकहो, हा विषय भिंतींवर का सोडून दिला आहे?