मोबाइलवर दिसणं वेगळं, मोबाइलवर चालणं वेगळं



डहाणूच्या आपल्या वर्गात दर बॅचला एक प्रश्न हमखास येतो. "सर, हिशेबाचं सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? तो विकणारा सांगतो, मोबाइलवर पण चालतं." मी उलट विचारतो, मोबाइलवर चालतं की मोबाइलवर दिसतं? समोरचा गोंधळतो. त्याचा दोष नाही. विकणाऱ्याने हा फरक त्याला कधी सांगितलेलाच नसतो.

आज यावरच बोलू या. कारण पहिल्या दोन वर्षांत उधारीत बुडालेले जे धंदे मी जवळून पाहिलेत, त्यातल्या बऱ्याच जणांकडे सॉफ्टवेअर होतं. पैसे मोजून घेतलेलं होतं. फक्त त्यात नोंद कोणी करत नव्हतं.

तलासरीचा आपला एक विद्यार्थी आहे. हायवेलगत दुकान, नळ-पाइप, वायर, रंग, खिळे असा माल. त्याने वर्षाचं लायसन्स घेतलं आणि कॉम्प्युटर ठेवला घरी, कारण दुकानात धूळ आणि विजेचा भरवसा नाही. दिवसभर उधारी वहीत लिहायची आणि रात्री जेवून कॉम्प्युटरवर चढवायची, असा बेत. पंधरा दिवस चाललं. मग एक दिवस पाहुणे आले, एक दिवस झोप लागली, आणि वही पुढे गेली, कॉम्प्युटर मागे राहिला. गंमत म्हणजे त्याच्या फोनवर त्या सॉफ्टवेअरचं ॲपही होतं. उघडलं की रंगीत गोलाकार तक्ता दिसायचा, विक्री किती, येणं किती. सगळं दोन महिन्यांपूर्वीचं. याला मी म्हणतो मोबाइलवर 'दिसणं'.

आता कंपन्या असं का करतात ते समजून घ्या. त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे.

टॅलीचंच बघा. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी हे काम सुरू केलं, कारण वडिलांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना. म्हणजे धंदेवाल्याच्या गरजेतून जन्मलेली वस्तू. तिची खरी ताकद कुठे आहे? कीबोर्डात. एफ-आठ दाबलं की विक्री, एफ-नऊ खरेदी, एफ-पाच पेमेंट, एफ-सहा रिसीट. तुमच्या सीएच्या ऑफिसात जाऊन बघा. बिलांचा गठ्ठा डावीकडे ठेवलेला असतो, आणि नोंदी करणारी मुलगी माउसला हात न लावता बिलामागून बिल उडवत असते. हा वेग तिने वर्षानुवर्षं बोटांत मुरवलेला आहे.

पण फोनवर एफ-आठ आणायचं कुठून? जे या सॉफ्टवेअरचं सगळ्यात मोठं बळ, तेच फोनवर आडवं येतं. म्हणून टॅलीने उडी मारली नाही, एकेक पाऊल टाकलं. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं, त्यात सबस्क्रिप्शन चालू असलेल्यांना रिपोर्ट ब्राउझरमध्ये, म्हणजे फोनवरही, बघता येतात. पुढे ४.० आवृत्तीत बिलं आणि थकबाकीची पत्रं थेट व्हॉट्सॲपवर पाठवायची सोय झाली. पण नोंदीची मुख्य जागा कॉम्प्युटरच राहिली. ज्याच्याकडे हिशेबनीस आहे आणि मालक बाहेर फिरतो, त्याच्यासाठी हे अगदी बरोबर आहे. मालकाला बघायचं असतं, लिहिणारा दुसरा असतो.

तुमच्याकडे लिहिणारा दुसरा कोण आहे? घोलवडला चिकूच्या चिप्स करणारी ताई स्वतःच चिप्स सुकवते, स्वतःच पॅक करते आणि हिशेबही स्वतःच ठेवते. तिला नुसतं बघून काय उपयोग!

दुसऱ्या बाजूने आल्या त्या फोनवरच जन्मलेल्या कंपन्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. त्याच वर्षी यूपीआय आलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. या तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या आणि कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला दुकानदार एकदम गिऱ्हाईक म्हणून दिसायला लागला. ओकेक्रेडिट आणि खाताबुक यांनी फक्त उधारीची वही उचलून फोनवर आणली. नाव, रक्कम, दिले की घेतले, बस. वर गिऱ्हाइकाला आठवणीचा मेसेज. व्यापार नावाच्या ॲपने बिल आणि स्टॉक फोनवर करून दिला, तोही नेट नसताना चालेल असा, आणि मग मागाहून कॉम्प्युटरची आवृत्ती काढली. टॅली कॉम्प्युटरवरून फोनकडे आली, हे फोनवरून कॉम्प्युटरकडे गेले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस आलं, त्याने तर वेगळं काही शिकवायलाच नको अशा जागी दुकान मांडून दिलं.

आणि माझ्या मते मोबाइलच्या काळातली सगळ्यात हुशार वस्तू स्क्रीनवर नाहीच. गल्ल्याजवळ ठेवलेला तो बोलणारा डबा. पैसे जमा झाले की मोठ्याने सांगतो. ज्याने हा विचार केला त्याला कळलं होतं की दुकानदाराचे हात तेलकट आहेत, समोर चार गिऱ्हाइकं उभी आहेत आणि फोन मुलीकडे अभ्यासाला गेलाय. बाकी कंपन्यांनी बटणं लहान-मोठी करण्यात जेवढा वेळ घालवला त्यातला थोडा अशा दुकानात उभं राहण्यात घालवला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. तुम्ही एकटे किंवा नवरा-बायको मिळून धंदा सुरू करत असाल, तर नोंद जिथे विक्री होते तिथेच, त्याच मिनिटाला, हातातल्या फोनवर व्हायला हवी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे होत नाही ते कितीही नावाजलेलं असो, आज तुमच्या कामाचं नाही. पुढे पाच माणसं ठेवाल, गोडाऊन घ्याल, तेव्हा कॉम्प्युटरवर जा. तोपर्यंत वर्षाच्या हिशेबाचं काम सीएकडे असू द्या, त्याच्या टॅलीशी भांडू नका. तुमच्या ॲपमधून त्याला महिन्याची एक्सेल फाइल गेली की तो खूश.

घेण्याआधी तपासायचं कसं? कंपनीचा माणूस डेमो देतो तो एसीत बसून, चांगल्या वायफायवर. तुम्ही डेमो बोर्डीच्या चिकू महोत्सवातल्या स्टॉलवर घ्या. किंवा चैत्र पौर्णिमेला महालक्ष्मीची जत्रा भरते तिथे. गर्दीत नेट अडकतं, ऊन इतकं की स्क्रीन दिसत नाही, हाताला पीठ किंवा चिकट पाक. तिथे तीन वस्तूंचं बिल एका अंगठ्याने होतं का? महोत्सव जवळ नसेल तर घरीच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि बिल करा. झालं तर नेट चालू करून बघा, ते बिल वर चढलं का आणि दोनदा तर चढलं नाही ना. एवढ्यात निम्मी ॲपं गळतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरी तपासणी आपल्या भागासाठी खास आहे. पुण्या-नाशिकच्या मुलांना ती सुचतही नाही. आपण सीमेवर आहोत. तलासरीच्या दुकानात माल वापीहून येतो, उंबरगावहून येतो आणि डहाणूहूनही येतो. डहाणूच्या व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, वापीवाल्याचा २४ ने. पहिल्याच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग, दुसऱ्याच्या बिलावर एकच आयजीएसटी. तुम्ही उंबरगावच्या कारखान्याला माल पोचवलात तर तुमच्या बिलावरही आयजीएसटीच हवा. म्हणून डेमोत एक गिऱ्हाईक २४ चं आणि एक २७ चं टाका. ॲप आपोआप फरक करतं का बघा. नाही केला तर ते बिल परत तुमच्याच अंगावर येणार, कंपनीच्या नाही.

जाता जाता एक महत्त्वाचं, कारण यात आपली मुलं फसतात. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली की आपल्या राज्यात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा म्हटला की ही सवलत साधारणपणे उरत नाही. आणि आपल्यासाठी दुसरं राज्य म्हणजे झाईच्या पुढे चालत जाण्याएवढं. हस्तकलेच्या वस्तूंना काही सूट आहे, वारली चित्रांची कामं करणाऱ्यांनी ती सीएकडून नीट समजून घ्या. तसंच राज्याबाहेर जाणारा माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. सरकारने त्यासाठी एसएमएसची सोयही ठेवली, हे मला आवडलं. साधा फोन असलेल्या माणसाचा विचार तिथे तरी झाला.

आता मोफतबद्दल. उधारीची वही फुकट देणाऱ्या कंपनीला पगार द्यावे लागतात, सर्व्हरचं भाडं असतं. कमाई कुठून तरी करावी लागणारच. त्यातल्या काहींनी पुढे दुकानदारांना कर्ज मिळवून देण्याचा रस्ता धरला. यात पाप नाही. उलट, ज्याच्याकडे कागद नाहीत त्याला वहीवरून कर्ज मिळालं तर चांगलंच आहे. पण तुमची वही कोण वाचतंय हे तुम्हाला ठाऊक हवं. ॲप टाकताना ते फोनबुक, मेसेज, लोकेशन सगळं मागतं तेव्हा डोळे झाकून 'अलाउ' दाबू नका. बिल करायला तुमचे मेसेज वाचायची काय गरज आहे, एवढा प्रश्न स्वतःला विचारा.

शेवटची गोष्ट माझ्यावर बेतलेली आहे, म्हणून जरा लांबवतो.

क्लासच्या सुरुवातीच्या काळात मी फीचा हिशेब एका छोट्या बिलिंग ॲपवर ठेवायचो. ॲप छान होतं, मराठीत होतं. माझ्याकडे काम करणाऱ्या पोराने ते टाकून दिलं, त्याच्याच नंबरवरून. वर्षाने तो सिल्वासाला नोकरीला गेला. नंतर माझा फोन पाण्यात पडला. नव्या फोनवर ॲप टाकलं तर ओटीपी त्याच्या नंबरवर जातोय, आणि त्याने तो नंबर कधीच सोडून दिलेला. कंपनीला मेल केले, फोन केले. चार दिवसांनी उत्तर आलं, नोंदणीकृत नंबरधारकाने संपर्क साधावा. तो नंबर आता भलत्याच कुणाकडे! एकवीस विद्यार्थ्यांची बाकी फी मी आठवणीतून लिहून काढली. किती सुटली असेल ते मलाही माहीत नाही.

तुमच्यापैकी कितीजणांचं ॲप भाच्याच्या नंबरवर आहे? हात वर करा म्हटलं की वर्गात निम्मे हात वर येतात. घरच्या बायका धंदा करतात आणि नंबर नवऱ्याचा, हेही तितकंच. आजच बदलून घ्या. धंद्याचं सिम वेगळं, ते मालकाच्या किंवा मालकिणीच्या नावावर.

आणि कंपनी मोठी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. इंट्युट ही अमेरिकेतली बलाढ्य कंपनी, तिचं क्विकबुक्स भारतात चालत होतं. २०२३ मध्ये तिने भारतातली ही सेवा गुंडाळली. वापरणाऱ्यांना आधी सूचना मिळाली, ज्यांनी डेटा उतरवून घेतला ते सुटले. एवढी मोठी कंपनी निघून जाऊ शकते, तर चार पोरांनी काढलेलं ॲप कधीही बंद पडू शकतं. म्हणून विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी विचारा, माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर कसा काढायचा, मला आत्ता करून दाखव. त्याने "ते नंतर बघू" म्हटलं तर तुम्ही पण त्याला तेच म्हणा.

तलासरीच्या त्या विद्यार्थ्याने कॉम्प्युटर मुलाला अभ्यासाला दिला. आता फोनवर बिल करतो, गिऱ्हाईक पाइप गाडीवर बांधत असताना. दर रविवारी फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवतो. जुनी वही अजून गल्ल्याखाली आहे, त्यातली दोन महिन्यांची उधारी वसूल करायचं काम चालू आहे.