चक मॅकगिल आपल्या घरातच राहतो

'बेटर कॉल सॉल' ही अमेरिकन मालिका (२०१५ ते २०२२) आपल्याकडच्या बऱ्याच तरुणांनी पाहिली आहे. तिच्याविषयी एक तक्रार मी सारखी ऐकतो : लबाड वकिलाला हीरो केलंय. माझं म्हणणं असं, की तक्रार करणाऱ्यांनी त्या वकिलाचा थोरला भाऊ नीट पाहिलेलाच नाही.

धाकटा जिमी लबाड आहे, यात वाद नाही. भावाची जिरवायला तो बँकेच्या कागदांवर १२१६ चं १२६१ करतो. पण थोरला चक? नामांकित वकील, कायद्याचा अभिमानी. आजारपणात त्याला बर्फ, किराणा, वर्तमानपत्र रोज आणून देणारा हाच जिमी. तरीही त्याला आपल्या फर्ममध्ये नोकरी मिळू नये म्हणून चक गुपचूप सूत्रं हलवतो आणि दोष भागीदारावर जाऊ देतो. मरताना आईनं जिमीला हाक मारली, हेही तो त्याच्यापासून लपवतो. पुढे कायद्याचं नाव घेऊन भावाची सनद घालवायला निघतो. त्याच्या कागदात खोट नसते, ती नियतीत असते.

आता अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरकडे या. कालची भातखाचरं आज टॉवरखाली गेली, चाळीतल्या खोलीलाही लाखांचा भाव आला. अब्बांची मय्यत उठते आणि घरातला चक जागा होतो. तो पहिल्या सफेत नमाज पढतो, त्याला तलाठी ओळखतो, वकील सलाम करतो. मुलाला दोन मुलींइतका हिस्सा, ही सूरह निसाची अकरावी आयत त्याला तोंडपाठ असते. मग बहिणीनं तिचा एक हिस्सा मागितला, की तोच म्हणतो, "आपल्यात पद्धत नाही. तुझ्या लग्नात खर्च केला ना?" दुप्पट घेताना शरीयत आणि एकपट देताना रिवाज! बहीण-भावाचा हिस्सा समान असावा का, हा वाद आपण जरूर घालू. इथे तर सांगितलेलाही मिळत नाही.

लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. आपल्या कायद्यात वडिलांचा श्वास थांबताच वारसांचा हक्क उभा राहतो. कर्ज फेडायचं, एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत पाळायची, उरलेलं वाटायचं. इतकं सरळ आहे. १९३७ च्या शरीयत कायद्यानं शेतजमीन वगळली, ती फट थोरल्यांना बरोबर सापडते. जिथे फट नाही तिथे हक्कसोडपत्र असतं. चाळिसाव्याच्या आत बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन सही घेतली जाते. ती सही करते, कारण माहेर तुटेल ही भीती असते. कागद कायदेशीर होतो.

मग धाकटा चिडतो. तो तोंडी हिब्याची कहाणी रचतो, दोन साक्षीदार उभे करतो. जमात त्याच्यावर तुटून पडते, आणि पडावंच, खोटं ते खोटंच. पण पहिली लूट स्टॅम्पपेपरवर झाली म्हणून तिला आपण लूट म्हणत नाही, हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, शेवटी जिमीविषयी चकच खरा ठरला. ठरला खरा. पण सरळ वाटेचं दार त्यानंच बंद केलं होतं. म्हणून जिमी निर्दोष ठरत नाही आणि चकही सुटत नाही. मालिका दोघांनाही सोडत नाही, म्हणूनच ती आपल्या मुलांनी पाहावी. अखेरीस ७ वर्षांची सौदेबाजी पदरात पडलेली असताना जिमी भर कोर्टात सगळं कबूल करून ८६ वर्षांची शिक्षा घेतो. त्या कबुलीत भावाशी केलेलं वाईटही असतं. चक मात्र काहीही कबूल न करता मेला.

थोरल्यांना माझं सांगणं एवढंच : आधी वारस नोंदीत बहिणीचं नाव लावा. तिच्या हिश्श्याची किंमत तिला रुपयांत सांगा. हिस्सा तिच्या ताब्यात द्या आणि वर्षभर थांबा. त्यानंतरही तिला तो भावाला द्यावासा वाटला, तर खुशाल घ्या. किती बहिणी परत देतात, ते मग कळेलच.